घरबसल्या काम आणि मंदीची पहिली झळ
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



घरी बसून केलेले काम कचेरीतल्या कामाइतके फलदायी असते काय, हा वाद 2020 नंतर पुण्यामुंबईच्या संगणक कंपन्यांत मोठ्या हिरिरीने झडला. नगर जिल्ह्याला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. नगर शहरातील पद्मशाली वस्त्यांत आणि संगमनेरात हजारो स्त्रिया कित्येक दशके घरच्या ओसरीवरच विड्या वळीत आल्या आहेत. त्यांची उत्पादकता किती, यावर कोणी परिसंवाद भरविला नाही. कारखान्यात हजार विड्या मोजून घेतल्या आणि हजारांचा दर दिला की हिशेब संपला. हा प्रश्न घरखोलीतून संगणकापर्यंत पोहोचला तेव्हाच त्याला अर्थशास्त्राची प्रतिष्ठा लाभली, हे ध्यानात ठेवलेले बरे.

उत्पादकता म्हणजे उत्पादन भागिले श्रमाचे तास. विडी कामगाराला मजुरी मिळते ती नगावर, म्हणजे या भागाकारातील फक्त वरच्या आकड्यावर. खालचा आकडा कोणी लिहीतच नाही. पाने भिजवायची, कात्रीने मापाला कापायची, जर्दा भरून वळायची, दोरा बांधायचा, जुड्या करायच्या. शाळेतून आलेली मुलगी पाने कापते, म्हातारी सासू तोंडे मिटविते. या हातांचे तास कोणत्याच वहीत चढत नाहीत. पाने किडकी निघाली तर ती बाजारातून पदरच्या पैशाने भरून काढावी लागतात. जागा तिची, दिवा तिचा, तंबाखूच्या धुळीने जडणारा खोकलाही तिचाच. अशा हिशेबात घरचे काम स्वस्त ठरले नाही तरच आश्चर्य.

संगणकयुगातील संशोधनही याहून फार निराळे सांगत नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010-11 मध्ये चीनमधील ‘सीट्रिप’ या प्रवास-आरक्षण कंपनीत नऊ महिन्यांचा प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली, हा निष्कर्ष जगभर गाजला. त्याची फोड मात्र फारशी कोणी वाचत नाही. 13 पैकी सुमारे 9 टक्के वाढ आली ती माणसे पाळीत अधिक मिनिटे कामावर राहिली म्हणून. विश्रांती घटली, आजारपणाच्या रजा घटल्या. कामाचा वेग वाढल्यामुळे झालेली वाढ सुमारे 4 टक्के. कंपनीचे जागाभाडे वाचले ते वेगळेच. प्रयोग संपल्यावर एकटेपणाला कंटाळून जवळजवळ निम्मे लोक कचेरीत परतले. त्यांना परत जाण्यासाठी कचेरी तरी होती.

आता मंदीकडे वळू. लागोपाठ दोन तिमाह्या राष्ट्रीय उत्पादन घटले म्हणजे मंदी, ही पाठ्यपुस्तकी व्याख्या. 2020 च्या एप्रिल-जून तिमाहीत देशाचे उत्पादन आदल्या वर्षाच्या मानाने जवळजवळ एक चतुर्थांशाने कोसळले, पुढच्या तिमाहीतही घटले, आणि व्याख्या पुरी झाली. हे आकडे महिन्यांनंतर हाती येतात. कारखान्यात मंदी आली तर निदान दिसते: कामबंदी होते, कपात होते, फाटकावर सूचना लागते. संगणक कंपन्यांतही ती दिसते. 2025 च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सीने सुमारे 12,000 माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा ती पहिल्या पानावरची बातमी झाली. घरखेपेच्या कामात मात्र कोणालाच काढून टाकावे लागत नाही. आज हजाराची पाने मिळाली, पुढच्या आठवड्यात सातशेची, मग दोन दिवसांआड. नोकरी शाबूत, फक्त काम नाही! बेकारांच्या गणतीत तिचे नाव येत नाही, कामबंदीची भरपाई मागावी तर कामबंदी कुठे झाली आहे?

टाळेबंदीने हा विरोधाभास उघडा पाडला. 2020 च्या मार्चअखेर सरकार सर्वांना सांगत होते, घरी बसून काम करा. जन्मभर घरी बसूनच काम करणारी विडी कामगार त्याच दिवसांत रिकामी बसली, कारण पाने देणारे कारखाने बंद होते.

अर्थात, विडीचा प्रत्येक उतार मंदीच्या नावावर मांडता येत नाही. सवयी बदलत आहेत, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. 2017 च्या जुलैत विडीवर 28 टक्के आणि तेंदूपानांवर 18 टक्के वस्तू-सेवा कर बसला. त्याच वर्षी विडी कामगार कल्याण निधीला पैसा पुरविणारा 1976 चा उपकर रद्द झाला. दवाखाने, घरकुले आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या यांचा स्वतःचा झरा आटला. धंदा संपणारच असेल तर त्याचा भार कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याने एकेकाळी त्याचे उत्तर दिले होते. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणारीलाही ‘कामगार’ म्हटले. मालकांनी तो कायदा न्यायालयात नेला. सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये तो उचलून धरला. 1985 मध्ये त्याच न्यायालयाने घरी काम करणारीला भविष्यनिर्वाह निधीचा हक्क मान्य केला. खराब म्हणून विडी नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचेच नियंत्रण, असा त्यामागचा विचार होता. मालक घरात उभा नसला तरी तो मालकच असतो. 2025 च्या नोव्हेंबरात चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि 1966 चा कायदा त्यांत विरला. सामाजिक सुरक्षा संहितेने घरी काम करणाऱ्याचा समावेश असंघटित कामगारांत केला आहे. त्या व्याख्येत वस्तूंबरोबर सेवाही आहेत, याची नोंद घरून काम करणाऱ्या सुशिक्षित तरुणांनीही घ्यावी.

1966 च्या कायद्याला कंटाळून कण्णूरच्या बड्या विडीमालकांनी 1968 मध्ये कारखाने बंद केले, तेव्हा सुमारे 12,000 कामगार उघड्यावर पडले. 1969 मध्ये त्यांनी ‘केरळ दिनेश विडी’ ही सहकारी संस्था उभी केली. तेथे माणसे एका छपराखाली बसून विड्या वळत, आणि एकजण सर्वांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. पुढे विडीचा खप उतरला तेव्हा संस्थेने खाद्यपदार्थ, छत्र्या असे दुसरे उद्योग काढले. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रवरेच्या जिल्ह्यात सहकार उसाच्या फडापर्यंत पोहोचला, विडीच्या सुपापर्यंत मात्र नाही.

तूर्त मागणी साधी आहे. प्रत्येक विडी कामगाराच्या पुस्तकात दर आठवड्याला किती हजारांची पाने दिली, किती विड्या नाकारल्या आणि किती दिवस काम दिलेच नाही, हे तिन्ही आकडे चढले पाहिजेत. ठरावीक मर्यादेखाली काम गेले तर ती कामबंदी समजून भरपाई मिळाली पाहिजे. संहितेखालील राज्याच्या नियमांत ही तरतूद यावी यासाठी नगर आणि संगमनेरच्या संघटनांनी एकत्र निवेदन द्यावे, आणि त्याला पुस्तकांतील गेल्या 3 वर्षांच्या नोंदी जोडाव्यात.