रात्रीचा मुक्काम
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बंगळूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर साहित्य, संगीत किंवा इतिहास यांतील एखादा विषय शोभून दिसला असता, याची मला जाणीव आहे. तरीही मी आज आपणांपुढे एक अगदी व्यावहारिक विषय मांडणार आहे. लांबच्या मोटारप्रवासात रात्री गाडी कोठे उभी करावी आणि निर्धास्तपणे कोठे निजावे, हा तो विषय. या सभागृहातील बहुतेक कुटुंबे वर्षातून एकदा तरी गणपतीला, दिवाळीला वा मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याकडे, कोल्हापूरकडे, कोकणाकडे जातात. पूर्वी आपण रेल्वेने जात असू, आता पुष्कळजण स्वतःच्या वाहनाने जातात. अलीकडे तर काही सभासदांनी आत निजण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्या घेतल्या आहेत, आणि कॅरव्हॅन भाड्यानेही मिळू लागली आहे. चाकांवरचे घर आपल्याला मिळाले, पण ते रात्री ठेवण्यासाठी अंगण मात्र मिळालेले नाही. या अंगणाविषयी मला बोलावयाचे आहे.

मी या शहरात प्रथम आलो तो मिरजेस गाडी बदलून, मीटरगेजच्या लहानशा डब्यातून. जवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि नेमणुकीचे पत्र. कन्नडचा एक शब्द येत नव्हता. स्टेशनासमोरच गुब्बी तोटदप्पा यांच्या नावाचे धर्मछत्र आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी एका व्यापाऱ्याने वाटसरूंसाठी उभारलेली ही वास्तू. पहिल्या दोन रात्री मी तेथे काढल्या. पुढे मंडळातील एका कुटुंबाने आपल्या घराची बाहेरची खोली मला दिली आणि मग मी बंगळूरकर झालो. परक्या मुलखात पहिली रात्र कोणाच्या आधाराने गेली, हे माणूस जन्मभर विसरत नाही.

आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. अहिल्याबाई होळकरांची कारकीर्द १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षांची. त्यांनी बांधलेल्या मंदिरांविषयी आपण नेहमी बोलतो, परंतु त्यांनी वाटांवर विहिरी खणविल्या आणि धर्मशाळा उभारल्या, याचे मोल वाटसरूला अधिक कळते. ‘कॅरव्हॅन’ हा आज इंग्रजी वाटणारा शब्दही मूळचा फारसी ‘कारवान’. व्यापाऱ्यांचा तांडा म्हणजे कारवान, आणि त्याने रात्री उतरावयाची जागा म्हणजे कारवानसराई. म्हणजे ज्या संस्कृतीने तांडा कल्पिला, तिने त्याच्या मुक्कामाची जागाही कल्पिली होती. आपण गाडी घेतली आणि सराई विसरलो.

याहून जवळचा दाखला पंढरीच्या वारीचा आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तीचे रूप हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. आळंदीहून निघालेली पालखी पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण अशी पुढे जाते. कोणत्या रात्री कोठे उतरावयाचे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असते. दिंडीचा ट्रक सामान घेऊन पुढे जातो, राहुट्या उभ्या राहतात, चूल पेटते, आणि वारकरी पोचतो तेव्हा त्याची जागा त्याची वाट पाहत असते. मुख्य म्हणजे त्या गावाला माहीत असते, की आज आपल्याकडे पाहुणे येणार आहेत. रस्त्यावरच्या रात्रीचे सारे शास्त्र माझ्या मते एवढ्यात येते. मुक्काम दिवसाउजेडी ठरवावा, आणि आपण तेथे आहोत हे तेथील एका तरी माणसाला ठाऊक असावे.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले नाही. काही वर्षांपूर्वी दिवाळी आटोपून आम्ही पुण्याहून परतत होतो. चिरंजीवांनी घेतलेल्या मोठ्या गाडीच्या मागच्या बाकांवर दोन माणसांना आडवे होता येई, म्हणून मुक्कामाची काळजी कोणी केलीच नव्हती. सकाळी निघावयाचे ते नातलगांच्या आग्रहाने जेवून, दुपारी बारा वाजून गेल्यावर निघालो. हावेरीच्या पुढे आलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. चिरंजीवांचे डोळे मिटू लागले, तेव्हा मीच त्यांना गाडी महामार्गाच्या कडेला घेण्यास सांगितले. तो माझा अपराध. दिवे मालवून पाच मिनिटे झाली असतील नसतील, तोच एक लांबलचक ट्रक इतक्या जवळून गेला, की सबंध गाडी हेलकावली. सूनबाईंनी झोपलेल्या नातवाला छातीशी धरले. त्या क्षणी गाडीत कोणी काही बोलले नाही.

पुढे एका पेट्रोल पंपावर गेलो. तेथील रखवालदाराने हात जोडून नकार दिला. रात्री टँकर रिकामा करावयाचा होता, अनोळखी गाडी आवारात ठेवता येणार नव्हती. मला तेव्हा राग आला, आज वाटते की त्याचेच बरोबर होते. अखेर एक ढाबा दिसला. आमच्या सौभाग्यवती स्वतः खाली उतरल्या आणि तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये, बरोबर लहान मूल आहे, रात्रभर थांबू का, असे त्यांनी विचारले. गल्ल्यावरच्या बाईंनी उत्तर देण्यापूर्वी उलट विचारले, “ऊट आय्ता?” जेवण झाले का? बंधुभगिनींनो, इतकी वर्षे येथे राहून हे दोन शब्द आपण रोज ऐकतो. त्या रात्री मला त्यांचा अर्थ कळला. तेथेच चहा घेत असलेल्या एका ट्रकचालकाने आमची गाडी ट्रकांच्या रांगेतून काढून स्वयंपाकघरासमोर, दिव्याखाली, तोंड रस्त्याकडे करून लावावयास सांगितली. ट्रक पहाटे अंधारात मागे घेतात, त्यांच्यामध्ये लहान गाडी दिसत नाही, हे त्याने समजावून दिले. आम्ही निश्चिंत झोपलो.

या अनुभवानंतर जे शिकलो ते आता क्रमाने सांगतो. बंगळूर ते पुणे हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर. हा जुना राष्ट्रीय महामार्ग चार, २०१० च्या नव्या क्रमवारीपासून अठ्ठेचाळीस. सुवर्ण चतुष्कोन योजनेत तो चौपदरी झाला आणि एका दिवसात घर गाठण्याचा मोह निर्माण झाला. तो आवरावा. बंगळुराहून चित्रदुर्ग सुमारे २०० किलोमीटर, दावणगेरे २६०, हुबळी ४१०, बेळगाव ५००, कोल्हापूर ६१०. पहाटे निघणाऱ्याने हुबळी-धारवाड किंवा बेळगाव येथे दिवस मावळण्यापूर्वी थांबावे. हुबळीस सिद्धारूढ मठात भाविकांच्या निवासाची व प्रसादाची परंपरा आहे. कोल्हापुरास अंबाबाईच्या देवळाभोवती यात्रेकरूंसाठी निवास पुष्कळ, पण तेथील गल्ल्यांत मोठी गाडी शिरत नाही, म्हणून वाहनतळाची चौकशी आधी करावी. पुण्याअलीकडचा खंबाटकीचा घाट दमलेल्या डोळ्यांनी रात्री ओलांडू नये.

पावसाळ्यात आणखी एक सावधगिरी हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक अनेक दिवस बंद राहिली. २०२१ च्या जुलैतही तीच आपत्ती आली. नदीकाठचा घाट कितीही रम्य दिसला, तरी पावसाळ्यात तेथे मुक्काम करू नये. तसेच २०२२ च्या डिसेंबरमध्ये सीमाप्रश्नावरून बेळगावनजीक वाहनांवर दगडफेक झाली आणि दोन्ही राज्यांतील बससेवा काही काळ थांबल्या. अशा दिवसांत क्रमांकाची पाटीच माणसाची ओळख ठरते, हे दुःखद आहे. निघण्यापूर्वी वाटेवरच्या परिचितांना दूरध्वनी करून परिस्थिती विचारणे हाच त्यावर उपाय.

गाडी कोठे लावावी? शहरातील हॉटेलचे किंवा मठाचे भिंत असलेले आवार सर्वांत उत्तम. खोली एक घ्यावी, वृद्धांनी व स्त्रियांनी तेथे निजावे, बाकीच्यांनी हवे तर गाडीत. त्याखालोखाल रात्रभर चालणारा मोठा पेट्रोल पंप, पण व्यवस्थापकाची परवानगी घेऊनच, आणि तेथे स्टोव्ह वा काडी पेटविणे वर्ज्य. काही पंपांवर तेल कंपन्यांनी ट्रकचालकांसाठी ‘अपना घर’ नावाने निजण्याची, स्नानाची व स्वयंपाकाची सोय केली आहे. ती त्यांच्या हक्काची आहे, आपण तेथे गर्दी करू नये. परंतु जेथे ट्रकचालक निर्धास्त झोपतो, तेथील आवार बहुधा सुरक्षित असते, एवढी खूण त्यावरून घ्यावी. टोलनाक्यापाशी प्रसाधनगृह असते आणि उजेड असतो, घटकाभर थांबण्यास ते ठीक. निर्जन वळण, पुलाखालची जागा आणि महामार्गाची कड मात्र कधीही नको. आमच्या घरात आता एक नियम आहे. सौभाग्यवती प्रथम स्वच्छतागृह पाहून येतात. ते स्वच्छ आणि उजेडात असेल तरच आम्ही परवानगी विचारतो. जेथे स्त्रियांची सोय नीट ठेवली आहे तेथे रात्री कोणीतरी जागे असते, असा माझा अनुभव आहे.

एक धोका चोरापेक्षाही मोठा आहे. थंड हवेसाठी इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून झोपू नये. धुराच्या नळीला गळती असली किंवा तिचे तोंड बुजले, तर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बंद गाडीत शेगडी वा गॅस पेटविण्याचाही परिणाम तोच. काच थोडी उघडी ठेवून तिला डासांची जाळी लावावी. हौशी मंडळींना आणखी एक सूचना. साध्या गाडीत परस्पर फेरफार करून तिचे घर बनविणे कायद्यास मान्य नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने वाहनाच्या मूळ घडणीत असे बदल करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले. कॅरव्हॅन घ्यावयाची तर कॅरव्हॅन म्हणूनच नोंदलेली घ्यावी. अडचणीत महामार्गाचा मदत क्रमांक १०३३ आणि सर्वसाधारण आणीबाणीचा ११२, हे दोन्ही चालकासमोर लिहून लावावेत.

आमची अमेरिकेतील नातवंडे सांगतात, की तिकडे अशा गाड्यांसाठी वीज, पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था असलेली आवारे ठिकठिकाणी आहेत, आणि काही मोठ्या दुकानांच्या वाहनतळावरही व्यवस्थापकाच्या अनुमतीने रात्र काढता येते. आपल्याकडे महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली, हे स्वागतार्ह आहे. परंतु धोरणाचे आवार होण्यास वेळ लागतो, आणि आपली दिवाळी तर दर वर्षी येते.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवून मी थांबतो. पहिली अशी, की कार्यालयात एक वही ठेवावी. प्रवासाहून परतलेल्या प्रत्येक कुटुंबाने तीत आपल्या मुक्कामाची नोंद करावी: जागा कोणती, परवानगी कोणी दिली, फाटक किती रुंद, दार किती वाजता बंद होते, पाणी व स्वच्छतागृह कसे, आणि आपण कोणत्या महिन्यात गेलो होतो. जेथे वाईट अनुभव आला तेही निःसंकोच लिहावे. पाच वर्षांत त्या वहीतून आपला स्वतःचा पालखीमार्ग तयार होईल.

दुसरी सूचना थोडी अवघड आहे. महाराष्ट्रातून तिरुपतीस, रामेश्वरास, कन्याकुमारीस निघालेली कितीतरी कुटुंबे बंगळुरावरून जातात. ती संध्याकाळी या शहराच्या गर्दीत सापडतात आणि मग वळणरस्त्याच्या कडेला कोठेतरी रात्र काढतात. आपल्या मंडळाच्या आवारात एका गाडीपुरती जागा, एक नळ आणि एक दिवा आपण त्यांच्यासाठी राखून ठेवू शकणार नाही का? रखवालदाराच्या वेतनात थोडी भर घालावी लागेल, ओळखपत्र पाहून नोंद करावी लागेल, कधी गैरसोयही होईल. या सगळ्या आक्षेपांचा कार्यकारिणीने जरूर विचार करावा. पण या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांची या शहरातील पहिली रात्र दुसऱ्या कोणाच्या तरी ओसरीवर गेली आहे. ती ओसरी देणाऱ्यांपैकी बरेचजण आज हयात नाहीत, त्यांचे ऋण त्यांना परत करता येणार नाही. ते पुढच्या वाटसरूलाच फेडावे लागते.

तो वाटसरू रात्री दहा वाजता आपल्या फाटकाशी येईल, तेव्हा त्याचे गाव, पाटीवरचा क्रमांक आणि येण्याचे कारण आपण अवश्य विचारू. परंतु त्याआधी, आपल्याला या भूमीने शिकविलेला तो पहिला प्रश्न विचारू, “ऊट आय्ता?”