सडपातळ देह आणि वाढती साखर

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी आमच्या ज्येष्ठ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी अशा रुग्णांविषयी बोलणार आहे, जे आमच्या बाह्यरुग्ण विभागात काहीसे संकोचून, काहीसे रागावून येतात. त्यांचे वजन बेताचे असते. पहाटे फिरणे चुकत नाही, गोडधोड वर्ज्य असते, जेवण घरचेच असते. तरीही तपासणीच्या अहवालावर 'मधुमेहपूर्व अवस्था' असे शब्द उमटतात. "डॉक्टर, आता आणखी काय सोडू?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

हा प्रश्न एके काळी मी स्वतःलाही विचारला आहे. तेव्हा माझे वय ५१ आणि वजन ५८ किलो होते. रोज पाच किलोमीटर चालण्याचा नेम होता. उपाशीपोटी साखर ११२ आली आणि एचबीए१सी ६.१ टक्के. वडिलांना मधुमेह होता, त्यामुळे मी घाबरलो. आधी भात सोडला, मग भाकरी अर्ध्यावर आणली, रात्री नुसत्या सूपवर राहू लागलो. तीन महिन्यांत वजन ५४ किलोंवर आले. साखर मात्र जवळजवळ होती तिथेच राहिली आणि जिना चढताना कठड्याचा आधार लागू लागला. माझ्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मला खडसावले, "अहो, तुम्ही साखर घालवली नाहीत, स्नायू घालवलेत!"

त्या एका वाक्याचा अर्थ आज आपणांसमोर मांडावा, एवढाच माझा हेतू आहे.

जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठवण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. कोठार लहान असेल तर साखर रक्तातच रेंगाळते. आपल्या समाजात हे कोठार मुळातच लहान असते, हे पुण्यातील संशोधनाने जगाला दाखवून दिले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते. परंतु त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती.

पुढे २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. वजनाचा काटा दोघांविषयी एकच गोष्ट सांगत होता. शरीराची आतली कहाणी निराळी होती.

म्हणून सडपातळ व्यक्तीनेही कंबर मोजावी. भारतीय पुरुषात ९० सेंटिमीटर व स्त्रीत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. कंबरही बारीक असेल, तर स्वादुपिंडातून इन्शुलिन कमी किंवा उशिरा स्रवत असण्याची शक्यता असते. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तेव्हा 'माझेच काही चुकले असेल' असे मानून स्वतःला दोष देण्याचे कारण नाही.

सर्वप्रथम निदान पक्के करून घ्यावे. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सी प्रत्यक्षाहून थोडे जास्त दिसू शकते, आणि आपल्याकडे रक्तक्षय घरोघरी आहे. अशा वेळी हिमोग्लोबिन तपासावे आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर मोजावी. ती १४० ते १९९ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था समजतात. वजन आपोआप घटत असेल, तहान व लघवी वाढली असेल, किंवा साखर झपाट्याने चढत असेल, तर थांबू नये. सडपातळ प्रौढात हळूहळू उद्भवणारा टाइप १ मधुमेह किंवा स्वादुपिंडाचा विकारही असू शकतो. त्याच्या तपासण्या वेगळ्या आहेत. स्टिरॉइडची औषधे चालू असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

आता उपायांकडे वळू. ज्याचे वजन मुळातच कमी आहे, त्याने ते आणखी घटवू नये. चालणे चालू ठेवावे. पण आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर लावणारा व्यायाम करावा. बैठका, भिंतीला टेकून जोर, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, यांना पैसा लागत नाही. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली करावी. आपल्या वाडवडिलांची ही रीत जेवणानंतरची साखर खरोखरच आटोक्यात ठेवते.

ताटाकडेही नव्याने पाहावे. आपले 'साधे, सात्त्विक' जेवण पुष्कळदा पोळी, भात, बटाटा आणि पातळ वरण एवढेच असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ५८ किलोंच्या माणसाला सुमारे ४८ ग्रॅम. एका वाटी घट्ट वरणातून साधारण सहा-सात ग्रॅमच मिळतात. म्हणून उसळ, दही, पनीर, शेंगदाणे, चालत असल्यास अंडी व मासे यांना ताटात मानाचे स्थान द्यावे. कोशिंबीर व उसळ आधी, भात-पोळी नंतर, असा क्रम ठेवावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वाढवावीत. गरज पडल्यास डॉक्टर मेटफॉर्मिन सुचवतात; ते दीर्घकाळ घेणाऱ्याने, विशेषतः शाकाहारी व्यक्तीने, बी-१२ तपासत राहावे.

या प्रयत्नांना फळ येते का? चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहपूर्व अवस्थेतील ५३१ जणांचा समावेश होता. तीन वर्षांत केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, तर आहार-व्यायामाचे सातत्याने मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी ३९.३ टक्क्यांना. विशेष म्हणजे, वजन फारसे न घटताही हा लाभ झाला. ते सर्व जण सडपातळ नव्हते, हे मी प्रांजळपणे सांगतो. शिवाय, सर्व काही नेटाने करूनही काहींना मधुमेह होतोच. परंतु दरवर्षी तपासणी करणाऱ्याला तो वेळीच कळतो, डोळे व मूत्रपिंडे वाचतात. ते अपयश नव्हे.

माझ्यापुरते सांगायचे, तर वजन पुन्हा ५८ किलो झाले, जिन्याचा कठडा सुटला, आणि एचबीए१सी गेली काही वर्षे ५.८ च्या आसपास आहे. मी अजूनही त्या रेषेच्या पलीकडेच आहे. पण सावध आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांना माझी विनंती आहे की, घरातील बारीक माणसाला 'तुला कशाला तपासणी?' असे म्हणू नका. आणि देणगीदारहो, पुण्याच्या त्या सहा गावांनी शिकवलेला धडा असा, की या आजाराची बीजे मातेच्या उदरात पडतात. मुलींच्या व गर्भवतींच्या पोषणासाठी आपण दिलेला प्रत्येक रुपया पुढच्या पिढीच्या स्नायूंत जमा होतो. आपले साहाय्य असेच लाभो, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.