उजवीकडे बसा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण, थोडी काटछाट करून.)



आधी एक माफी मागते. काल संध्याकाळी चहाच्या वेळी निदान तिघांनी मला हाका मारल्या आणि मी वळून पाहिलं नाही. रात्री ग्रुपवर वाचलं, 'पुण्याला जाऊन मॅडम भाव खायला लागल्या.' तसं नाही हो. माझा डावा कान गेलाय. एका कानाने ऐकणाऱ्याला हाक ऐकू आली तरी ती कुठून आली हे कळत नाही. आवाज एका कानात आधी पोचतो, दुसऱ्यात किंचित नंतर, आणि त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. माझ्याकडे वजाबाकीसाठी दुसरी संख्याच उरलेली नाही. गणिताच्या बाई समोर बसल्यात, त्यांना हे लगेच समजेल.

संयोजकांनी सांगितलं होतं, नोकरीवर बोलू नकोस, छंदावर बोल, दहा मिनिटं. माझा छंद म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांची जुनी गाणी. ब्लूज, डू-वॉप, सोल. मिरजेत उभं राहून हे सांगायला जरा धीर लागतो. इथे सतारी आणि तंबोरे बनतात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला दर्ग्यात रात्र-रात्र गाणं चालतं. आमचे बाबा मला मांडीवर घेऊन तिथे बसायचे. त्या बाबांची मुलगी ओटिस रेडिंगच्या नादी लागली.

कशी लागली ते थोडक्यात सांगते. २००६ मध्ये कंपनीने मला दहा महिन्यांसाठी मेम्फिसला पाठवलं. मिसिसिपी नदीच्या काठचं गाव, उन्हाळ्यात आपल्याकडच्या मे महिन्यासारखं. ऑफिसात साठीला आलेल्या एक कृष्णवर्णीय बाई होत्या. रोज दुपारी मी एकटीच डबा खाताना दिसले म्हणून त्या येऊन बसायला लागल्या. त्यांना माझी लिंबाच्या लोणच्याची फोड आवडायची. बदल्यात त्यांनी मला सीडी आणून द्यायला सुरुवात केली. एका शनिवारी त्या मला स्टॅक्सचं संग्रहालय बघायला घेऊन गेल्या. स्टॅक्स म्हणजे तिथली रेकॉर्ड कंपनी. तिचा स्टुडिओ एका जुन्या सिनेमागृहात होता. थिएटरची जमीन उतरती असते ना, ती तशीच ठेवून त्यावर वाद्यं मांडली होती. मूळ इमारत पाडली गेली, आता त्याच जागी तशीच पुन्हा उभारली आहे. आत शिरलं की आधी मिसिसिपीतून उचलून आणलेलं एक जुनं लाकडी चर्च लागतं. बाई तिथल्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, आमचं सगळं गाणं या बाकावरून उठलेलं आहे. त्या बसल्या होत्या तशी माझी आजी विठोबाच्या देवळात बसायची, पाय जरा पुढे घेऊन.

ब्लूजचं तर मला आजीमुळेच पटकन कळलं. ब्लूजमध्ये पहिली ओळ म्हणतात, मग तीच पुन्हा म्हणतात आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर येतं. माझी आजी जात्यावर ओवी म्हणताना ओळ परत घ्यायची. का गं आजी, विचारलं तर म्हणाली होती, 'पुढचं सुचायला वेळ नको का?'

आता कानाकडे येते. फेब्रुवारी २०२२. एका सोमवारी सकाळी उठले तर डावा कान गच्च झाला होता, पोहताना पाणी शिरावं तसा. आत शिट्टी वाजत होती. त्या आठवड्यात आमच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं. वाटलं, सर्दी असेल, मळ असेल. औषधाच्या दुकानातून थेंब आणले. शुक्रवारी रात्री रिलीज झालं, शनिवारी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नादकाटा वाजवून माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. सर, तुमच्या प्रयोगशाळेतला तोच नादकाटा! आवाज पूर्ण उजवीकडे गेला. डॉक्टर काही क्षण बोलले नाहीत. मग विचारलं, 'कधीपासून?' मी म्हटलं, 'सोमवारपासून.' ते म्हणाले, 'सोमवारीच यायचं होतं.' स्टेरॉइड दिले, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनंही दिली. काहींचं ऐकू येणं परत येतं. माझं नाही आलं. लवकर गेले असते तर आलंच असतं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण औषध जितक्या लवकर सुरू होईल तितकी शक्यता जास्त असते हे नक्की. आपण सगळे आता ज्या वयात आहोत त्या वयात हे होऊ शकतं, म्हणून सांगून ठेवते. कान अचानक बंद झाला तर थेंब घालत बसू नका.

नंतरचे काही महिने मी गाणं ऐकलंच नाही. ऐकायला बसले की काहीतरी हरवलेलं असायचं. हेडफोनमधून स्टिरिओ गाणं म्हणजे दोन वेगळे प्रवाह, एक डाव्या कानाला, एक उजव्याला. माझ्या डाव्या बाजूची गिटार गेली, कोरस गेला. साठच्या दशकातल्या काही स्टिरिओ रेकॉर्डमध्ये तर गायक एका बाजूला आणि बरीचशी वाद्यं दुसऱ्या बाजूला अशी वाटणी असते. ओळखीचं गाणं लावावं आणि गायकच आलेला नसावा! मी हेडफोन खणात टाकून दिले. घरात कुणी गाणं लावलं तर उठून जायचे. नवऱ्याने एकदा विचारलं, 'बंद करू का?' आणि मी त्याच्यावर उगाच खेकसले.

दिवाळीची आवराआवर करताना मेम्फिसच्या बाईंनी दिलेली एक सीडी सापडली. फाइव्ह सॅटिन्स, पेंग्विन्स, फ्लेमिंगोज असं सगळं डू-वॉप. उजव्या कानात एकच बोंडूक घालून लावली. आणि पहिलं गाणं अख्खं आलं. मुख्य आवाज, वरचा चिरका आवाज, मागची कुजबुज, अगदी खालून येणारा तो खर्ज, सगळं एका कानात. मी फडताळासमोर जमिनीवर बसून ते गाणं चार वेळा ऐकलं. रडले, हेही सांगून टाकते.

कारण अगदी साधं निघालं. ते रेकॉर्डिंग मोनो होतं, म्हणजे एकच प्रवाह. स्टिरिओच्या तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमाराला, आणि त्यानंतरही साठच्या दशकात बहुतेक काळ एका गाण्याच्या छोट्या तबकड्या मोनोच निघत. ऐकणाऱ्या पोरांकडे मोटारीतला एक स्पीकर नाहीतर हातातला ट्रान्झिस्टर असायचा. डेट्रॉइटची मोटाउन कंपनी तर आपलं गाणं त्या बारक्या स्पीकरवर कसं वाजेल याचा विचार करूनच ध्वनिमुद्रण करत असे. म्हणजे ही गाणी मुळातच एका कानाला पुरतील अशी बनली होती! आता कबुली. फोनमध्येही दोन्ही प्रवाह एकत्र करायची सोय असते, सेटिंगमध्ये एक बटण दाबायचं. मला ते सापडायला आठ महिने लागले. आणि मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. हसा.

पण बटण दाबून जुळवलेलं गाणं आणि मुळात एकत्र बसवलेलं गाणं यांत फरक राहतो. डू-वॉपवाल्यांकडे वाद्यं घ्यायला पैसे नव्हते. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोरची पोरं रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्याखाली, शाळेच्या बाथरूममध्ये गायची, जिथे आवाज घुमेल तिथे. ड्रम नाही, तर तोंडाने ताल. बास नाही, तर एकाने खर्जात 'डूम-डूम' धरायचं. फाइव्ह सॅटिन्सचं सगळ्यात गाजलेलं गाणं १९५६ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन गावी एका चर्चच्या तळघरात ध्वनिमुद्रित झालं. ते ऐकताना मला ती खोलीसुद्धा ऐकू येते.

यात दुःखही भरपूर आहे. फ्रँकी लायमन हा हार्लेमचा मुलगा तेराव्या वर्षी, त्याच १९५६ साली, देशभर गाजला आणि पंचविसाव्या वर्षी अमली पदार्थांनी गेला. ब्रॉन्क्सच्या 'द कॉर्ड्स' या गटाने १९५४ मध्ये 'श-बूम' गायलं. त्याच वर्षी कॅनडाच्या गोऱ्या मुलांनी तेच गाणं पुन्हा गायलं आणि पहिल्या क्रमांकावर त्यांचं पोचलं. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत ज्याचा बास वाजतो त्या जेम्स जेमर्सनचं नाव कितीतरी वर्षं तबकड्यांवर छापलंच जात नव्हतं. मी ज्या प्रोग्रॅमवर चार वर्षं काम केलं त्याच्या सादरीकरणात माझं नाव नव्हतं, तेव्हा मला हा जेमर्सन आठवला होता. तुलना मोठी झाली, पण आठवला.

मग मी बाबांना ही गाणी ऐकवायला लागले. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, दोन्ही कानांना यंत्रं. आई म्हणते, दोघांचा मिळून एक कान आहे. बाबांनी आधी खाँसाहेबांची जुनी तबकडी लावली. तीही मोनोच, तीही माझ्या एका कानात पूर्ण आली. ती तीनेक मिनिटं लहानपणी मी शंभरदा तरी ऐकली असतील, पण त्या दिवशी बाबांचा चेहरा बघत ऐकली. मग मी ओटिस रेडिंगचं 'डॉक ऑफ द बे' लावलं. हे त्याने डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात गेला त्याच्या थोडे दिवस आधीच गायलं होतं. वय सव्वीस. गाणं बाजारात आलं तेव्हा तो नव्हता. शेवटी तो नुसती शीळ घालतो. बाबांना इंग्रजी शब्द कळले नाहीत. शीळ संपल्यावर म्हणाले, 'हा माणूस रडत नाहीये, पण रडून आलाय.' आणि परत लाव म्हणाले.

माझी दहा मिनिटं संपली, बाई घड्याळ बघतायत. एकच विनंती. आपल्या जुन्या इमारतीत मुलींच्या बाजूच्या जिन्याखाली आवाज किती घुमायचा ते आठवतंय ना? सकाळी जाऊन टाळी वाजवून बघितली, अजून घुमतो. जेवणानंतर तिथे जमू या. चारपाच आवाज पुरतात, शब्दही फारसे लागत नाहीत. खर्ज धरायला मात्र एक जण हवा. दहावी कमध्ये एक मुलगा होता, 'वंदे मातरम्'ला ज्याचा आवाज फुटून एकदम खाली गेला आणि सगळी शाळा हसली होती. तो आलाय, काल मी त्याला पाहिलंय. त्याला घेऊन या. आणि सगळ्यांनी माझ्या उजवीकडे उभं राहा.