यंत्र स्वस्त, चित्र महाग



"तू कॉम्प्युटरवर नक्की करतेस काय?" असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि व्हिडिओ गेम कसे बनतात हा माझ्या आवडीचा विषय. त्यातलं एक कोडं आज मांडते. संगणक स्वस्त झाले, तरी गेम बनवणं महाग का होत गेलं?

आपली कोल्हापुरी चप्पल घ्या. लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो त्या गेममध्ये नायकाच्या पायात ती चार तपकिरी ठिपक्यांत भागली असती. आता वेणी, गोंडा, कान, शिवण, झिजलेली टाच, सगळं दिसावं लागतं. एक जण आकार घडवतो, दुसरा चामड्याचा पोत चढवतो, चालताना ती वाकावी याची सोय तिसरा करतो. चित्राची लांबी-रुंदी दुप्पट केली की ठिपके चौपट होतात. ते संगणक सोसतो. कलाकाराचे दिवस मात्र वाढतात. 'अनरियल'सारखं सॉफ्टवेअर २०१५ पासून आधी पैसे न भरता वापरता येतं. खरा खर्च माणसांच्या पगाराचा.

मग थोड्या पैशांत काय करायचं? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' बनवायला घेतला. २०१७ मध्ये इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली, पण ठरलेली रक्कम जमली नाही. तरी २०२० मध्ये गेम आला. त्यात कॅमेरा बराच दूर असतो आणि कथेचे प्रसंग छायाबाहुल्यांसारख्या चित्रांतून उलगडतात. कॅमेरा दूर असला की चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती घडवावी लागत नाही. ही बचत चित्रकाराच्या नजरेतून होते.

आपल्या गावाला हे नवं नाही. इथेच जन्मलेल्या 'प्रभात'ने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करायचं धाडस केलं. त्यासाठी जर्मनी गाठली, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. त्याच 'प्रभात'चा १९३६ चा कृष्णधवल 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला.

म्हणून एक विनंती. आपल्या निधीतून शाळेत संगणक जरूर घेऊया. पण त्यातला एक हिस्सा चित्रकलेच्या वर्गासाठी ठेवूया. दहावी जवळ आली की तो तास गणिताला जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आज घेतलेले संगणक पाच-सहा वर्षांत जुने होतील. काय काढायचं आणि काय सोडायचं हे शिकलेला हात जन्मभर कामाला येतो.