हापसा : दिल्ली, मद्रास आणि गावचा पाणवठा
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



देशाचे धोरण, राज्याचे खाते आणि गावाची गरज या तिघांची सांगड कशी बसते, आणि बहुतेक वेळा ती का बसत नाही, हा प्रश्न समजून घेण्यासाठी धरणे किंवा पोलादाचे कारखाने पाहण्याचे कारण नाही. या सभागृहातील अनेकांनी सुट्टीत आजोळी गेल्यावर ज्याच्या दांड्याला लोंबकळून कळशी भरली असेल, तो हापसा त्यासाठी पुरेसा आहे. मराठी मुलखात तो हापसा, बिहारात तो चापाकल. सरकारी कागदावर त्याचे नाव ‘इंडिया मार्क टू’.

1966-67 साली बिहार आणि उत्तर प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. खडकाळ प्रदेशात हाताने विहीर खणण्याला मर्यादा असते. सुरुंग लावून महिनोन्महिने काम करावे, आणि पाणी लागेल याची खात्री नाही. त्या वेळी युनिसेफच्या मदतीने कठीण खडक फोडणारी वेधनयंत्रे देशात आली. महिन्यांचे काम आता एक-दोन दिवसांवर आले. पुढील काही वर्षांत खडकाळ भागांत हजारो विंधन विहिरी झाल्या आणि त्यांवर हातपंप बसले. केंद्र सरकारने 1972-73 मध्ये ग्रामीण पाणीपुरवठ्याचा वेगवर्धित कार्यक्रम सुरू केला. यंत्रे होती, पैसा होता, उद्दिष्टही ठरले होते.

पंप मात्र टिकत नव्हते. ते बिडाचे होते आणि त्यांचा मूळ नमुना युरोप-अमेरिकेतील शेतघरांसाठी घडवलेला होता. एका कुटुंबाने दिवसातून चार बादल्या पाणी काढावे, एवढाच त्याचा हिशेब. येथे त्याच पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो माणसांची रांग लागे. खिळी झिजत, दांडा डगमगे, बीड तडकून जाई. 1970च्या दशकाच्या मध्यास युनिसेफने केलेल्या पाहणीत चारांपैकी सुमारे तीन पंप बंद आढळले. पंप बसवल्याची नोंद होत होती. तो चालू असल्याची नोंद ठेवण्याचे काम कोणाकडेच नव्हते. शाळेच्या हजेरीपटावर नाव आहे म्हणून मूल शिकतेच असे नाही, हे शिक्षकांना सांगावे लागत नाही. पाणीपुरवठ्याच्या खात्याला ते कळायला काही वर्षे जावी लागली.

या कथेचा पुढचा भाग महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी श्रोत्याला विशेष जवळचा वाटेल. उत्तर दिल्लीत सापडले नाही. ते जालन्यात आणि सोलापुरात आधीच तयार होते. मराठवाड्याच्या आणि सोलापूरच्या अवर्षणग्रस्त भागात पाण्याचे काम करणाऱ्या ख्रिस्ती मिशनच्या मंडळींना आणि त्यांच्या कार्यशाळांतील कारागिरांना त्याच बिडाच्या पंपांनी जेरीस आणले होते. दुरुस्तीसाठी पुन:पुन्हा त्याच गावी जावे लागे. त्या कंटाळ्यातूनच सुधारणा झाली. जालन्याला बिडाच्या जागी पोलाद आले आणि अनेक सांध्यांऐवजी दांड्याला एकच आस मिळाला. सोलापूरला त्याच्या पुढची पायरी गाठली गेली: दांड्याच्या टोकाला चक्राचा पाव भाग आणि त्यावरून जाणारी साखळी. दांडा खाली दाबला की साखळी आतील सळईला सरळ वर ओढते आणि दांडा सोडला की सळई स्वत:च्या वजनाने खाली जाते. सळई तिरपी होत नाही, त्यामुळे झीज कमी होते. युक्ती एवढीच. मोठ्या प्रयोगशाळेत ती सुचली नसती असे नाही. पण प्रयोगशाळेला पंप नादुरुस्त झाल्याची झळ लागत नव्हती.

स्थानिक कल्पकतेचे गोडवे गाऊन येथेच थांबण्याचा मोह होतो, आणि पुष्कळ वक्ते तेथेच थांबतात. परंतु सोलापूरचा पंप सोलापुरातच राहिला असता तर देशातील लाखो गावांना त्याचा उपयोग नव्हता. कार्यशाळेत एकेक पंप हाताने जुळवला जाई. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसेलच याची हमी नव्हती. येथे केंद्राचे काम सुरू झाले. युनिसेफ, मद्रास येथील यांत्रिकी संशोधन संस्था मेराडो आणि सार्वजनिक क्षेत्रातील रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांनी सोलापूरचा नमुना पायाभूत धरून कारखान्यात मोठ्या संख्येने घडवता येईल असा पंप तयार केला. कोइमतूर परिसरात, जेथे पाणी खोल होते, तेथील गावांत त्याची प्रत्यक्ष वापरात कसोटी घेतली गेली. 1977-78 पासून उत्पादन वाढू लागले आणि 1979 मध्ये भारतीय मानक संस्थेने त्याचे मानक प्रसिद्ध केले: आय. एस. 9301.

त्या मानकाविषयी थोडे थांबून सांगणे योग्य ठरेल, कारण अशा गोष्टींना कोणी हार घालत नाही. पंपाचे आरेखन खुले ठेवण्यात आले. त्यावर कोणाचीही मालकी राहिली नाही. कोणत्याही कारखानदाराने तो बनवावा, पण मापे मानकाप्रमाणेच हवीत आणि माल कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी तपासणी झालीच पाहिजे, अशी ती व्यवस्था होती. त्यामुळे एका राज्यात तयार झालेला बेअरिंगचा संच दुसऱ्या राज्यातील पंपाला बसू लागला. अनेक उत्पादक आल्याने किंमत आटोक्यात राहिली, आणि तपासणीमुळे दर्जाही. 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे 50 लाख पंप तयार झाले. आफ्रिकेतील अनेक देशांतही ते गेले. सोलापूरच्या साखळीचा हा प्रवास त्या कारागिरांच्या कल्पनेतही नसावा.

मधल्या पातळीचा, म्हणजे राज्यांचा, वाटा सर्वांत असमान राहिला. तमिळनाडूने देखभालीची त्रिस्तरीय पद्धत बसवली: गावात एक राखणदार, तालुक्याच्या पातळीवर फिटर आणि जिल्ह्याला वाहनासह फिरते पथक. मार्क टूचा वॉशर बदलायचा तर जमिनीखालचे सगळे नळ वर काढावे लागत. ते एकट्यादुकट्याचे काम नव्हे, म्हणून पथक हवेच. ही पद्धत इतर राज्यांनीही स्वीकारली, पण कागदावर स्वीकारणे वेगळे आणि पथकाच्या गाडीला डिझेल व सुट्या भागांना पैसे देणे वेगळे. जेथे ही मधली कडी निखळली, तेथे राष्ट्रीय मानकाचा उत्तम पंपही वर्षानुवर्षे गंजत उभा राहिला.

दुसरी उणीव अधिक खोल होती. पाणी भरत होत्या स्त्रिया आणि राखणदार, फिटर, समितीचे सदस्य होते पुरुष. पंप बंद पडल्यावर दोन मैल चालावे लागे ते पहिल्यांना. अर्ज करायचा तो दुसऱ्यांनी. राजस्थानातील दक्षिणेकडच्या आदिवासी जिल्ह्यांत आणि उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात स्त्रियांना हातपंप दुरुस्तीचे शिक्षण देण्यात आले, तेव्हा लिहिता-वाचता न येणाऱ्या बायाही पाना हातात घेऊन नळ उपसू लागल्या. हे आधी का सुचले नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर यंत्रशास्त्रात नाही. तसेच पंप कोणत्या वस्तीत बसवायचा, दलितवस्तीत की सरपंचाच्या दारात, हेही मानकाच्या पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते गावातच ठरत होते, आणि नेहमी न्यायाने ठरत होते असे म्हणता येणार नाही.

तिन्ही पातळ्या खरोखर जुळल्या की काय घडते, याचे उदाहरणही याच पंपाच्या आसपास सापडते. राजस्थानात लोक पायऱ्यांच्या बावडीत उतरून पाणी भरत. नारूच्या रोग्याचा पाय पाण्यात बुडे, जंतू पाण्यात शिरत आणि तेच पाणी पिण्यात येई. औषध नव्हते, लस नव्हती. 1980च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमात केंद्राने उद्दिष्ट आणि रुग्णशोधाची पद्धत दिली, राज्यांनी पाण्याच्या सोयी बदलल्या, आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन रोगी शोधले व पाणी कापडातून गाळून पिण्यास शिकवले. 1996 साली देशातील शेवटच्या रुग्णाची नोंद झाली आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. नारू हा शब्द आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो.

पुढे मार्क थ्री आला. त्यात नळ न उपसता आतील दट्ट्या वर काढता येतो, म्हणजे गावातच दुरुस्ती शक्य होते. ही सूचनाही वापराच्या अनुभवातूनच आली. मात्र पंपाला सोडवता न येणारे प्रश्न त्याच्या खाली, खडकात होते. शेतीसाठी विजेचे पंप लागले, पाण्याची पातळी हातपंपाच्या आवाक्याबाहेर गेली. अनेक ठिकाणी खोलवरच्या पाण्यात फ्लोराइड निघाले. पाणी काढण्याच्या साधनाचे मानक देशाने एकमताने केले, पण पाणी किती काढायचे याचे मानक कोणत्याच पातळीवर झाले नाही.

2019 मध्ये जल जीवन मिशन सुरू झाले आणि प्रत्येक ग्रामीण घरात नळ हे नवे राष्ट्रीय उद्दिष्ट ठरले. योजनेचा पैसा केंद्राचा व राज्याचा, आराखडा गावाचा आणि देखभाल ग्रामपंचायतीकडे, अशी तिची रचना आहे. तिच्या मार्गदर्शक सूचनांत गावातील पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे. नळजोडण्यांची संख्या रोज प्रसिद्ध होते. ज्या गावात उन्हाळ्यात नळाला पाणी येत नाही, तेथील बायका अजून जुन्या हापशावरच रांग लावतात, आणि त्याचा वॉशर झिजला की तो कोणाच्या पैशाने बदलायचा, हे त्यांना तालुक्याला जाऊन विचारावे लागते.