घरचा साबण आणि त्याचे रंग



पापड, कुरडया, लोणची आपल्या बहुतेक गटांनी करून पाहिली. आता नागपूरच्या प्रदर्शनांत रंगीत साबणाच्या वड्या दिसतात, आणि बैठकीत प्रश्न येतो, "ताई, हे आपल्याला नाही का जमणार?" जमेल. पण आधी सोडा सांभाळायला शिकायचं, मग रंग समजून घ्यायचे, आणि विक्रीचं सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला तर हात भाजतात, नाहीतर गटाचे पैसे अडकतात.

साबण म्हणजे तेल आणि कास्टिक सोडा यांचा मेळ. प्रमाण बरोबर असेल तर तयार वडीत सोडा मोकळा उरत नाही. पण बनवताना तो फार दाहक असतो. त्वचा जाळतो, डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून चष्मा, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच काम करा. लेकरं घरात असतील तर त्या दिवशी साबण करू नका.

भांडं स्टीलचं घ्या. अॅल्युमिनियमचं, म्हणजे आपण ज्याला जर्मनचं म्हणतो ते, चालत नाही. सोडा ते खातो आणि पेट घेणारा वायू निघतो. दुसरं, नेहमी पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. तो उसळून तोंडावर येतो. हे काम अंगणात करा, वाफ नाकात जाऊ देऊ नका. अंगावर उडाला तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. लिंबू, व्हिनेगर काही लावू नका. डोळ्यात गेला तर तसंच धुऊन लगेच दवाखाना. कुणाच्या पोटात गेला तर उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा. आणि सोडा कधीही थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका.

आता प्रमाण. पहिल्यांदा एवढंच करा: खोबरेल तेल ३०० ग्रॅम, शेंगदाणा तेल २०० ग्रॅम, कास्टिक सोडा ७६ ग्रॅम, पाणी १७० ग्रॅम. सगळं डिजिटल काट्यावर मोजा, तेलसुद्धा. चमचा-वाटीचा अंदाज इथे चालत नाही. तेल बदललं की सोडाही बदलतो. खोबरेलाला सोडा जास्त लागतो, शेंगदाण्याला, तिळाला कमी. खोबरेल महाग झालं म्हणून सगळं शेंगदाणा तेल घेतलं आणि सोडा तेवढाच ठेवला, तर तो साबण अंग सोलून काढेल.

सोड्याचं पाणी आणि तेल दोन्ही कोमट झाले की पाणी तेलात हळूहळू ओता आणि ढवळत राहा. हाताने तासभरही लागतो, हँड ब्लेंडरने काही मिनिटांत होतं. पिठल्यासारखं दाटलं आणि वर ओढलेली रेघ दिसायला लागली की साच्यात ओता. बटर पेपर लावलेला पुठ्ठ्याचा खोकाही चालतो. एक-दोन दिवसांनी, हातमोजे घालूनच, वड्या कापा आणि चार ते सहा आठवडे सावलीत, हवेशीर जागी ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ठेवू नका. कापल्यावर आत पांढरे खडे किंवा सुटलेलं पाणी दिसलं, तर ती वडी अंगाला लावायची नाही.

आता रंग. लुगड्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला, तर तो लाल होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेही याच गुणावर. साबणातही तेच होतं. रंग डब्यात कसा दिसतो हे महत्त्वाचं नाही, सोड्याशी गाठ पडल्यावर कसा होतो हे महत्त्वाचं.

बीट घातलं तर गुलाबी नाही, तपकिरी होतं. जास्वंदाचंही तसंच. कडुलिंबाच्या पानांची पूड आधी हिरवी दिसते, मग काही आठवड्यांत खाकी होते. हळद सुरुवातीला लालसर, नंतर पिवळी-केशरी होते, पण उजेडात फिकी पडते. वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा रंग गडद आहे. तरी वडी उजेडात ठेवली तर तीही फिकी होईल, म्हणून कागदात गुंडाळा. फाल्गुनात पळस फुलतो. त्याच्या फुलांच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा, रंग गडद होतो. साबणात तो कितपत टिकतो, ते एका वडीत करून पाहा.

जास्त भरवशाचे रंग तेलातून येतात. शेंद्रीचे बी कोमट तेलात दोन-तीन दिवस ठेवून गाळा, सुरेख केशरी रंग उतरतो. रतनजोत तेलात लाल दिसते, पण साबणात जांभळट होते. मंजिष्ठा गुलाबीकडे जाते. मुलतानी माती आणि बारीक वाटलेला कोळसा यांचे रंग उडत नाहीत.

इथे एक गोष्ट नीट ऐका. शेंद्री आणि शेंदूर ही नावं जवळची, वस्तू मात्र वेगळ्या. शेंद्री हे झाडाचं बी, शेंदरात शिसं असू शकतं. शेंदूर, होळीचा गुलाल, भिंतीला लावायचा गेरू, यातलं काहीही साबणात टाकायचं नाही.

पहिल्या घाण्याचे चार भाग करा. एक साधा ठेवा, तिघांत वेगळे रंग घाला, प्रत्येकात अर्धा चमचा. वड्यांवर चिठ्ठी लावा आणि महिनाभराने बैठकीत सगळ्या मिळून पाहा. कोणता रंग टिकला ते पाहूनच पुढचं साहित्य आणा.

आणि विक्री? घरच्या वापराला परवाना लागत नाही. पण अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. विकायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. म्हणून कर्ज काढण्याआधी उमेद किंवा माविमच्या ताईंना आणि जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. "खरूज बरी होते", "गोरेपणा येतो" असं वेष्टनावर लिहू नका. आपल्या साबणाने मळ निघतो आणि तो आपल्या हातचा आहे, एवढं खरं सांगितलं तरी पुरे.

पुढच्या बैठकीत आधी काटा, चष्मा आणि हातमोजे घ्या. रंग त्यानंतर.