मधुमेह, डोळे आणि रक्तातील दाहाच्या खुणा



मी कला शाखेचा पदवीधर. सारे आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेले. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. आज आपल्यापुढे उभा आहे तो एक रुग्ण म्हणून. गेली १२ वर्षे मधुमेह माझ्या सोबतीला आहे. साखर आटोक्यात आहे, त्याअर्थी डोळेही ठीक असणार, असे मी गृहीत धरले होते. एका रात्री मुद्रिते तपासताना ओळी मध्येच वाकलेल्या दिसू लागल्या. दोष मी छपाईला दिला! दुसऱ्या दिवशी घराच्या दाराची चौकटही वाकलेली दिसली, तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडे धाव घेतली. डाव्या डोळ्याच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज आली होती.

मी त्यांना विचारले, ‘‘दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो. मग त्या रक्ताने हे आधी का सांगितले नाही?’’

या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागले, तेच आज सांगणार आहे. मधुमेहात दृष्टिपटलाची हानी केवळ साखरेमुळे होते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः वाढलेल्या साखरेमुळे तेथील सूक्ष्म केशवाहिन्यांत मंद, धुमसता दाह सुरू होतो. रक्तातील पांढऱ्या पेशी वाहिन्यांच्या भिंतींना चिकटू लागतात, भिंती झिरपू लागतात, काही वाहिन्या बंद पडतात. प्राणवायूला मुकलेला पडदा मग नव्या वाहिन्यांची मागणी करतो. त्या इतक्या नाजूक असतात की सहज फुटतात आणि डोळ्यात रक्तस्राव होतो.

दाहाचा संशय जुना आहे. संधिवातासाठी सॅलिसिलेट घेणाऱ्या मधुमेहींमध्ये हा नेत्रविकार कमी आढळतो, असे निरीक्षण पॉवेल आणि फील्ड यांनी १९६४ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. आम्हा पत्रकारांना यावर तत्काळ मथळा सुचला असता. शास्त्रज्ञांनी मात्र ते पडताळून पाहिले. अमेरिकेत ३,७११ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात दररोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊनही विकाराची वाटचाल थांबली नाही. हे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. अर्थात, संधिवातासाठी दिली जाणारी मात्रा याहून पुष्कळ मोठी असे. पुढे डोळ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यावर पडद्याची सूज उतरते, हे दिसले आणि दाहाच्या कल्पनेला बळ मिळाले.

मग हा दाह रक्तात दिसतो का? दिसतो, पण अंधूक. यकृतात तयार होणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे ‘सीआरपी’, ही त्याची एक खूण. इंटरल्यूकिन-६ ही दुसरी. तिसरी आपल्या नेहमीच्या सीबीसी अहवालातच दडलेली असते. न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील, तर त्यांचे गुणोत्तर २. नेत्रविकार असलेल्या मधुमेहींमध्ये हे गुणोत्तर सरासरीने अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होणारी ही स्वस्त तपासणी असल्याने संशोधकांना तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

अडचण अशी की, हे गुणोत्तर साध्या संसर्गानेही वाढते आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही. सीआरपी तर हिरडी सुजली तरी चढते, लठ्ठपणातही चढलेले असते. शिवाय डोळा हे स्वतंत्र दालन आहे. आतल्या द्रवात दाहाची रसायने उसळलेली असताना दंडातून काढलेले रक्त शांत असू शकते. या खुणा समूहाविषयी बोलतात. माझ्या डाव्या डोळ्याविषयी त्या ठामपणे काही सांगू शकत नाहीत. किंबहुना, सीआरपी चांगले आले म्हणून नेत्रतपासणी पुढे ढकलणारा माणूस मी पूर्वी केलेलीच चूक नव्या कागदाच्या आधाराने करील.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. सर्वसाधारण मधुमेहात निदान होताच आणि त्यानंतर साधारण दरवर्षी दृष्टिपटल तपासावे, हा नियम रूढ आहे. बाहुली विस्फारणारे थेंब घालतात आणि पडदा प्रत्यक्ष पाहतात. दुखत काहीच नाही. काही तास वाचता येत नाही, एवढेच. पत्रकाराला तेवढीही सुट्टी नकोशी वाटते.

माझ्या डोळ्यात आतापर्यंत पाच इंजेक्शने झाली. चौकट आता बरीचशी सरळ दिसते, पूर्णपणे नाही. पुढची तपासणी येत्या गुरुवारी आहे आणि त्या दिवशीची मुद्रिते दुसऱ्या कोणीतरी तपासावीत, असे मी कचेरीत आजच कळवून आलो आहे.